रॅन्सम टाल्बटचे पाय

रॅन्सम टाल्बटला देवाने खांदे दिले होते, हनुवटी दिली होती, आणि जॅकेट त्याच्या अंगावर असं बसायचं की शिंप्याने डोळे पुसावेत. पायांच्या वेळी मात्र देवाचं लक्ष दुसरीकडे असावं. नाचताना तो दिसायचा देखणा. ऐकू यायचं ते जिन्यावरून बटाट्याचं पोतं घरंगळल्यासारखं.

म्हणून स्टुडिओने ऑर्विल स्टँगला बोलावलं होतं. टॅप नाचाचं, म्हणजे बुटांच्या लोखंडी पत्र्यांनी ताल वाजवायच्या नाचाचं, शूटिंग गाण्याची तबकडी लावून व्हायचं, त्या गोंगाटात पायांचा आवाज कोणी टिपत नसे. तो आवाज मागाहून एका बंद खोलीत, पडद्यावरचं चित्र बघत, कानाला हेडफोन लावून, लाकडी फळीवर पुन्हा वाजवायचा. पडद्यावर टाल्बटबरोबर नाचणारी मेव्हिस आपले पाय आपणच वाजवणार होती. टाल्बटचे पाय वाजवणार होता ऑर्विल.

ही मेव्हिस ऑर्विलची. म्हणजे तो तसं समजायचा. मेव्हिसला विचारायचं राहून गेलं होतं. दोघांनी ओहायोपासून टेक्सासपर्यंत गावोगावच्या थिएटरांत जोडीने नाच केला होता, जादूगाराच्या नंतर आणि नाकावर चेंडू तोलणाऱ्या सील माशांच्या आधी. आणि आता हा आयत्या बिळावरचा नागोबा! उद्या निर्माते हा नाच बघणार होते. पसंत पडला, की पुढच्या सगळ्या चित्रपटांत टाल्बट आणि मेव्हिस. नाही पडला, तर मेव्हिस परत ऑर्विलकडे.

पडदा उजळला. टाल्बटचा हात मेव्हिसच्या कमरेवर होता. ऑर्विलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर कामाचे तळपायच असल्याने ती तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं.

"हात जरा खालीच नाही का?" त्याने फळीवर शेजारी उभ्या मेव्हिसला विचारलं.

"मग कुठे ठेवायचा, कठड्यावर?" मेव्हिस म्हणाली.

"मी वर ठेवायचो."

"तू असा ठेवायचास, की मी म्हणजे तापलेला तवा."

काचेपलीकडून ध्वनिमुद्रक लुड्विगचा आवाज आला, "साहेब, बाई, भांडण रेकॉर्ड होतंय."

ऑर्विलने ठरवलं. दुधात मिठाचा खडा टाकायचा तर बारीकच टाकावा. तो प्रत्येक पाऊल किंचित, अगदी केसभर उशिरा वाजवू लागला. गंमत अशी झाली, की टाल्बटच्या ढिल्या पायांना तो उशीर शोभून दिसला, श्रीमंत माणसाच्या निवांतपणासारखा. मेव्हिसचे पडद्यावरचे पाय मात्र सुईसारखे नेमके होते, आणि फळीवरचे तिचे पाय ऑर्विलच्या मागोमाग उशिरा पडत होते.

"साहेब झकास," लुड्विग म्हणाला. "बाई, तुम्ही मागे पडताय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग लुड्विग घसा खाकरून म्हणाला, "बाई, राग मानू नका. वरून सांगितलंय, जमलं नाही तर बाईंचे पायही दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्या."

मेव्हिसने हेडफोन काढला. "मुद्दाम करतोयस तू."

"कशावरून?"

"माझे पाय चित्र बघतच नाहीत रे, ते तुझे पाय ऐकतात. घाणेरडी सवय लागलीय त्यांना. टाल्बटबरोबरसुद्धा तू शेजारी आहेस असं धरून नाचले, नाहीतर त्याच्या तालावर तोंडावरच आपटले असते. आणि आता तूच मला खड्ड्यात नेतोयस!"

दुसरा कोणी असता तर हे ऐकून हरखला असता. ऑर्विलच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. "मग त्याच्याकडे बघून हसलीस ती?"

"हसण्याचाच पगार असतो. नाचाचं कोण देतंय?"

"तुला हवंय का हे काम?"

"हवंय. सील माशांच्या आधी म्हातारी नाही व्हायचं मला."

ऑर्विलने बुटांच्या नाड्या आवळल्या आणि लुड्विगला मान डोलावली.

या वेळी त्याने वाजवलं ते जसं वाजवायला हवं तसं. टाल्बटचे पाय आयुष्यात पहिल्यांदा बोलू लागले, आणि मेव्हिसचे त्यांना तडकाफडकी उत्तरं देऊ लागले. लुड्विग काचेपलीकडे उभाच राहिला. आपणच मुलगी सजवून दुसऱ्याच्या दारी पोचवतोय, असं ऑर्विलला वाटलं. तरी पाय चुकले नाहीत.

"म्हणजे आता कमरेवर तो, आणि फळीवर मी," घाम पुसत तो म्हणाला.

"फळीवर तूच. निर्मात्यांना सांगून आलेय, टाल्बटचे पाय दुसऱ्या कुणी वाजवले तर मी करारावर सही करणार नाही."

दोघं निघू लागले. "जाऊ नका," लुड्विग म्हणाला. "म्हणजे गेलात तरी चालेल. शेवटचं चुंबन राहिलंय, त्यालाही आवाज नाही. ते मी करतो."

"तुम्ही?"

"माझ्याच मनगटावर ओठ लावून. या स्टुडिओतली सगळी चुंबनं माझीच आहेत."

पडद्यावर टाल्बट वाकून थिजला होता.

"हे मी करतो," ऑर्विल म्हणाला.

"मनगट धुतलंय का?" लुड्विगने विचारलं.

"मनगट कशाला?" मेव्हिस म्हणाली आणि फळीवर ऑर्विलजवळ सरकली. "लावा."

चित्र सुरू झालं. टाल्बटने चुंबन घेतलं, सरळ झाला, टाय नीट केला, अंधार झाला. फळीवरचं चुंबन चालूच होतं.

"साहेब, चित्र संपलं हो."

ऑर्विल मागे झाला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "डोळे उघडे होते तुझे."

"वेळ साधायला नको?"

"पडद्याकडे बघत होतीस. त्याच्याकडे!"

मेव्हिसने काचेकडे वळून हात हलवला. "लुड्विग, पुन्हा घेऊ. या वेळी पडदा बंद ठेवा."