आखूड फेब्रुवारी

मी एक जुने कॅलेंडर आहे. जुने म्हणजे गेल्याच वर्षीचे; पण मित्रांनो, आमच्या जमातीत एक वर्ष म्हणजे म्हातारपण.

छापखान्यात माझे बारा कागद एकावर एक रचले, डोक्यावर पत्र्याची पट्टी दाबली आणि मी जन्माला आले. एका कापड दुकानदाराने मला शिवणकाम करणाऱ्या बाईंना फुकट दिले. बाईंनी मला शिलाई मशीनसमोरच्या खिळ्यावर टांगले.

"आकडे केवढे ठसठशीत आहेत बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. तो म्हणाला, "चला, चष्म्याचा खर्च वाचला."

त्यांची एकुलती एक लेक रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर राहत होती. मार्चच्या मध्यावर तिचे पहिले बाळंतपण होते. "तुम्ही दोघंही या गं आई, मला भीती वाटते," असे तिने फोनवर सांगितले होते. तिकीटविक्री साठ दिवस आधी सुरू होई आणि पहिल्याच दिवशी मोजकी तिकिटे निम्म्या दरात मिळत. ती हुकली, तर दोघांपैकी एकालाच जाणे परवडणार होते.

"बाळ काय रिझर्व्हेशन करून येतं?" नवऱ्याने विचारले.

"ते करत नाही, म्हणून आपण करायचं."

प्रवास दहा मार्चचा ठरला. बाईंनी सरळ दोन महिने मागे मोजले आणि माझ्या दहा जानेवारीवर टाचणी टोचली. माझा जीव कासावीस झाला. माझा फेब्रुवारी आखूड, अवघ्या अठ्ठावीस दिवसांचा; म्हणजे ते दोन महिने साठ नव्हे, एकोणसाठच दिवसांचे. विक्री तर नऊ तारखेलाच सुरू होणार होती. पण मला तोंड कुठे?

नऊ तारखेला सकाळीच बाईंनी मशीन झाकले.

"उद्या जायचंय ना?" नवरा म्हणाला.

"कापड बेतताना मी दोन बोटं जादा धरतेच. दिवसही धरलेला बरा. तिकिटाची खिडकी तरी बघून येते."

दुपारी त्या दोन तिकिटे घेऊन आल्या. "विक्री आजच सुरू झाली हो. उद्या गेले असते, तर हात हलवत परत यावं लागलं असतं." त्यांनी टाचणी काढली आणि माझा दुमडलेला कोपरा सरळ केला. त्या स्पर्शाचे उपकार मी विसरलेले नाही.

ते दोघे पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी, डॉक्टरांच्या तारखेआधीच, नात जन्मली.

वर्ष सरले. माझ्या खिळ्यावर नवे कॅलेंडर आले आणि मी कपाटामागे गेले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण परवा बाईंचा नवरा शेजाऱ्याला सांगत होता, "आत हिनं लेकीचा हात धरलेला. जावई औषधं आणायला धावलेला. नर्सनं पोरगी बाहेर आणली, तेव्हा दारात मी एकटाच. पहिल्यांदा माझ्याच हातात दिली."

मित्रांनो, आपल्या माणसाकडे जायचे असेल, तर दिवस नीट मोजून तिकीट आधी काढा. पैसे वाचतात, हे खरेच. पण त्या वाचलेल्या पैशांत आणखी एक माणूस येऊ शकतो.