चपात्यांच्या यंत्राची बोली

मोहोपाड्याच्या कारखान्याचं कँटीन बंद झालं आणि तिथलं चपात्यांचं यंत्र ऑनलाइन लिलावात निघालं. विमलबाईंनी त्या यंत्रावर चौदा वर्षं काढली होती. एक तारखेपासून कॉलनीतल्या दोनशे डब्यांचं काम त्यांना मिळणार होतं, पण यंत्र असलं तरच. रोज आठशे चपात्या हातानं लाटायचं वय आता राहिलं नव्हतं. जवळ होते पंचेचाळीस हजार.

दुपारी साडेतीनला बोली अकरा हजारांवर होती. लिलाव चारला संपायचा. विमलबाईंचा पाय काही ठरेना. ओटीवरून चुलीपाशी, चुलीपासून परत ओटीवर.

"आई, बसा की जरा," सून सुप्रिया म्हणाली. "शेवटच्या मिनिटाला टाकू. आत्ताच आकडा दाखवला तर बाकीचे जागे होतील."

"आन् तवर कुणी नेलं मंजी गं?"

गावच्या जत्रेतला मानाच्या नारळाचा लिलाव बाईंनी जन्मभर पाहिला होता. तिथं सगळा भिडेचा कारभार. एकानं छाती काढून मोठा आकडा पुकारला, की बाकीचे हात जोडून बाजूला होतात. सुप्रिया पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात बाईंनी मोबाइल उचलला आणि थेट चाळीस हजार टाकले. आता बोला म्हणावं!

मोबाइलला कुठली आलीय भीड? दहा मिनिटं सगळं गप्प होतं, मग एक्केचाळीस आले. बाईंनी त्रेचाळीस केले, चव्वेचाळीस आले. पंचेचाळीस केले, सेहेचाळीस आले. चार वाजले आणि संपलं. सुप्रियानं मोबाइल चार्जिंगला लावला आणि कणीक मळायला घेतली, त्याचाच बाईंना जास्त राग आला. राग कसला, स्वतःचीच लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी फोन आला. खोपोलीचा भंगारवाला रमजान. नंबर कारखान्याच्या वॉचमनकडून मिळाला म्हणाला.

"बाई, ते यंत्र तुमीच चालवायचात ना? चालतं का? मी पंधरा हजारांत तोडायला घेणार होतो. पण कुणी येडा एकदम चाळीसवर गेला. म्हटलं, माल भारी दिसतो. आता सेहेचाळीसला घेऊन बसलोय. चालत नसलं तर उद्या तोडतो, चालत असलं तर गिऱ्हाईक बघतो."

चालतं म्हणावं तर भाव चढणार, नाही म्हणावं तर यंत्राचे तुकडे होणार.

"तोडू नका," त्या म्हणाल्या. "उद्या येऊन बघते. जमलं तर मीच नेईन."

"कितीला?"

पंचेचाळीस अगदी ओठांवर आले होते. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"आदी तुमी बोला, भाई."