तळघरातला पंप आणि खोडलेला नंबर

मी एक जुना पंप आहे. विनिपेग नावाच्या बर्फाळ शहरात, नदीपासून चार गल्ल्या अलीकडे, डॅरिया हावरिलुक नावाच्या बाईंच्या तळघरात एका खड्ड्यात मी सत्तावीस वर्षं काढली. घराच्या पायाखाली झिरपणारं पाणी उचलायचं आणि भिंतीतल्या नळीतून अंगणात फेकायचं, एवढंच माझं काम. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. पाण्यात राहून पाण्याला भितो म्हणून हसू नका. पाणी किती गुपचूप वर चढतं, ते तुम्ही खड्ड्यात बसून पाहिलेलं नाही.

माझं अंग ओतीव लोखंडाचं, पोटात तांब्याच्या तारांचं वेटोळं आणि बाजूला बांधलेला एक तरंगता गोळा. पाणी वाढलं की गोळा वर येतो आणि मी सुरू होतो. कारखान्यात मला टाकीत बुडवून तपासलं, तेव्हा बाकीचे पंप अगदी निवांत होते. मी मात्र तेव्हाही थरथरत होतो. तपासणारी बाई म्हणाली, "हा जरा जास्तच कुरकुरतो गं," आणि तिने मला खोक्यात घातलं.

तिथून मला आणलं नेस्टर हावरिलुक यांनी, डॅरियाबाईंच्या यजमानांनी. मोठा प्रेमळ माणूस. दर मार्चमध्ये, अंगणातला बर्फ मऊ पडायला लागला की ते बादलीभर पाणी माझ्या खड्ड्यात ओतायचे आणि म्हणायचे, "उठा महाराज, झोप पुरे झाली!" गोळा अडकला तर झाडूच्या दांड्याने माझ्या डोक्यावर दोन टपल्या मारायचे. तेवढ्याने मी चालू व्हायचो. आणि थंडी पडायच्या आधी, न चुकता, बाहेरच्या नळीला जोडलेला लांब पाइप काढून गुंडाळून ठेवायचे. "पाइपात पाणी गोठलं तर हा बिचारा ढकलून ढकलून मरेल," असं ते म्हणायचे. माझी इतकी काळजी पुन्हा कुणी केली नाही.

शेजारी लायल सिगर्डसन राहायचे. रेल्वेत विजेचं काम करून निवृत्त झालेले, तोंडाने फटकळ, हाताने सोन्यासारखे. एका वर्षी नदी फुगली, तेव्हा नेस्टर आणि लायल दोघांनी चार दिवस खपून घराचा मेन स्विच तळघरातून उचलून वर मागच्या दाराशी नेला. लायल म्हणाले होते, "पाण्यात उभं राहून स्विच ओढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये." पुढे ती गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. डॅरियाबाई तर विसरूनच गेल्या.

आमच्या गल्लीत एक पद्धत होती. दर सप्टेंबरात घरोघरी एक यादी वाटली जायची. घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तर कुणाला फोन करायचा, वाऱ्याने फांदी पडली तर करवत कुणाकडे आहे, कुणाकडे शिडी आहे, असं सगळं नावानंबरासकट. यादी फ्रिजवर चिकटवायची. 'पंप आणि वीज' याच्यापुढे वर्षानुवर्षं एकच नाव असायचं, लायल सिगर्डसन.

चार वर्षांपूर्वी नेस्टर गेले. मार्चमधली बादली बंद झाली. डॅरियाबाई खाली यायच्या त्या बीटाच्या लोणच्याची बरणी न्यायला. माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तू आहेस ना रे, मग झालं." त्या वाक्याची मला भारी भीती वाटायची. माझ्यावर इतका विश्वास टाकू नका हो, असं ओरडावंसं वाटायचं. पण मला घरघर सोडून दुसरा आवाज नाही.

मग गेल्या नोव्हेंबरात ते झालं. मी फेकलेलं पाणी वाहत वाहत सिगर्डसनांच्या दारापुढे गेलं आणि गोठलं. लायलची बायको फर्न त्याच्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. लायल कुंपणाशी येऊन तोफ डागायला लागले. "तुझं पाणी माझ्या दारात कशाला येतं?"

"पाण्याला काय मी पत्ता देऊन पाठवते?" डॅरियाबाई काही कमी नव्हत्या.

"नेस्टर असता तर हे झालं नसतं!"

झालं. ते वाक्य बाईंच्या वर्मी लागलं. त्या घरात आल्या, दार आपटलं, आणि निळ्या पेनाने यादीवरचं लायलचं नाव इतक्या जोराने खोडलं, की फ्रिजवरचा डबा खाली पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पन्नास फुटी पाइप आणून माझ्या नळीला जोडला आणि मागच्या गल्लीपर्यंत नेऊन सोडला. "घे, आता एक थेंब तुझ्या दारात येणार नाही." पाइप थंडीत काढायचा असतो, हे त्यांना आठवलं नाही. रागात कुणाला काय आठवतं? उणे तिशीच्या थंडीत तो पाइप बर्फाने गच्च भरून अंगणात पडून राहिला. मी आत बसून ते सगळं सोसत होतो आणि मार्चचे दिवस मोजत होतो.

मार्च आला. एका दुपारी दक्षिणेचा गरम वारा सुटला आणि छपरांवरून धारा लागल्या. माझ्या खड्ड्यात पाणी भराभर चढलं. गोळा उचलला गेला, मी सुरू झालो. पाणी ढकललं, ते भिंतीपर्यंत गेलं आणि परत माझ्याच अंगावर आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा परत. अंग तापलं, तारांना करपल्याचा वास सुटला. शेवटी माझ्यात जीव उरला नाही आणि मी थांबलो. पाणी खड्ड्याच्या काठावरून फरशीवर पसरलं.

खरी भीती पुढेच आहे. नेस्टरनंतर माझ्या जवळचा प्लग बिघडला आणि पलीकडच्या भिंतीतल्या प्लगपर्यंत माझी वायर पुरत नव्हती, म्हणून कुणीतरी तिला दुसरी वायर जोडली होती. तो जोड फरशीवर पडलेला होता. पाणी त्याच्याकडे सरकत होतं. एक वीत, चार बोटं, दोन बोटं. मग मला अंगात मुंग्या आल्यासारखं झालं आणि कळलं, की वीज पाण्यात उतरली आहे.

आणि त्याच वेळी जिन्याच्या तोंडाशी दिवा लागला.

"अगं बाई!" डॅरियाबाई अर्ध्या जिन्यात आल्या आणि तिथेच बसल्या. पायात कापडी सपाता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात यादी. शहराच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिथे एक मुलगी पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. "इतका महत्त्वाचा आहे तर उचल ना मग!" बाई फोनवर खेकसल्या. नळ दुरुस्त करणाऱ्याला लावला. तो म्हणाला, "बाई, आज अख्खं शहर बुडतंय. गुरुवारी येतो." तो दिवस सोमवार होता.

मग त्यांनी यादी डोळ्यांजवळ नेली. मला दिसत होतं, त्या कुठल्या ओळीवर बोट ठेवून आहेत. "हा तीन आहे का आठ? देवा, हे मी काय करून ठेवलंय!" त्यांनी अंदाजाने नंबर फिरवला. पलीकडून भलताच कुणी बोलला. दुसऱ्यांदा फिरवला, तो लागलाच नाही. बाईंचा आवाज रडवेला झाला. "नेस्टर, आता मी काय करू रे?"

आणि त्यांना आठवलं ते नको ते. त्यांनी जिन्यातच टेकवून ठेवलेला झाडू उचलला.

मित्रांनो, माझं काळीज तिथेच थांबलं. झाडूच्या दांड्याने दोन टपल्या मारल्या की मी चालू होतो, हे त्यांनी नेस्टरकडून शिकलेलं. त्या माझ्याकडे यायला निघाल्या होत्या. माझ्याच भरवशावर. मी सत्तावीस वर्षं ज्यांचं घर कोरडं ठेवलं, त्यांचा जीव आता माझ्याच वायरीमुळे जाणार होता. नका येऊ हो, नका येऊ, मी आतल्या आत ओरडत होतो. आणि मला साधी घरघरही करता येत नव्हती.

त्या उतरल्या. तीन पायऱ्या राहिल्या. दोन. शेवटच्या पायरीवर उभं राहून त्यांनी उजवा पाय उचलला.

"डॅरिया! पाय मागे घे!"

तळघराच्या छोट्या खिडकीवर मुठी आपटत होत्या. बाहेर बर्फाच्या चिखलात गुडघे टेकून लायल सिगर्डसन काचेला नाक लावून ओरडत होते. "वायरीचा जोड बुडालाय, पाण्यात वीज आहे! मागे हो, बये, मागे हो!"

"वीज?" बाईंचा पाय अधांतरी राहिला.

"हो, वीज! वर जा! मागच्या दाराशी लोखंडी पेटी आहे ना, ती उघड. सगळ्यात वरचा मोठा स्विच खाली ओढ. पळ!"

त्या भिंतीला धरून वर गेल्या. मला त्यांची पावलं ऐकू आली, पेटीचं झाकण वाजलं आणि खटका पडला. सगळीकडे अंधार. माझ्या अंगातल्या मुंग्या थांबल्या. आयुष्यात कधी नव्हे ते, आपण पार बंद पडलो याचं मला बरं वाटलं.

लायलनी बाहेर गोठलेला पाइप तोडून बाजूला फेकला, स्वतःच्या घरातून वायर ओढून आपला पंप खाली सोडला. गल्लीतले चौघे बादल्या घेऊन धावले. पाणी उतरल्यावर दोघं जिन्यावर बसले.

"तुला कसं कळलं रे? मी तर तुझा नंबरही..."

"कळायचं काय त्यात? गल्लीत सगळ्यांच्या नळ्यांतून पाणी धो धो पडतंय, आणि तुझ्या पाइपाच्या तोंडाशी एक थेंब नाही. म्हणून धावत आलो, खिडकीतून डोकावलो." लायल ओले हातमोजे पिळत होते. "तुझं पाणी आलं तरी मला ताप, नाही आलं तरी ताप. माणसाने करावं तरी काय?"

डॅरियाबाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "फर्नचं मनगट कसं आहे? मी एकदासुद्धा विचारलं नाही रे."

"चांगलं आहे. काल त्याच हाताने मला लाटणं दाखवलं." मग खाली बघत ते म्हणाले, "नेस्टरचं नाव मी काढायला नको होतं. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात नवा पंप बसला. वायर भिंतीवरून उंच नेली. मला भंगारात टाकतील म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. पण लायलनी मला उघडलं, करपलेली तार बदलली आणि आपल्या गॅरेजमधल्या फळीवर ठेवलं. आता गल्लीत कुणाचा पंप बंद पडला की मला नेतात. सप्टेंबरात नवी यादी आली, तेव्हा डॅरियाबाईंनी स्वतःच्या हाताने तिच्यात एक ओळ लिहून घेतली, 'जुना पंप, लायलच्या गॅरेजमध्ये, न विचारता न्यावा.' आणि लायलचा नंबर त्यांनी तळघराच्या जिन्यात भिंतीवर रंगाने लिहिला, वीतभर मोठ्या आकड्यांत.

मार्च जवळ आला की मला अजून धडकी भरते. तेव्हा मित्रांनो, या भित्र्याचं एवढं ऐका. तुमच्या खड्ड्यातल्या पंपाला वर्षातून एकदा बादलीभर पाणी दाखवा. थंडीआधी त्याचा पाइप काढा. शेजाऱ्याशी भांडण होणार, ते कुणाला चुकलंय? पण रागाच्या भरात त्याचं नाव खोडायचंच झालं, तर नंबर वाचता येईल इतक्या हलक्या हाताने खोडा.