जाम झालेला तिसरा ॲक्सल

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो. अंग प्लास्टिकच्या होडीसारखं आणि त्या होडीला दोन्ही बाजूंना चार-चार अशी आठ फुगीर चाकं! पण मी चिखलात रुतत नाही आणि पाण्यात बुडत नाही. ट्रॅक्टर जिथे हात टेकतो आणि होडीचा तळ जिथे मातीला लागतो, तिथे माझं काम सुरू होतं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला मी राहते. सगळे मला ‘आठचाकी’ म्हणतात.

दूरच्या एका कारखान्यात मला घडवलं. गोदावरीकाठच्या गावांना पुरात उपयोग व्हावा म्हणून एका मदत संस्थेने मला इथे आणलं. बन्सीधर नावाचा ट्रॅक्टर चालवणारा गडी माझा चालक झाला. पहिल्याच पुरात मी एक्केचाळीस माणसं, अकरा शेळ्या आणि एक शिलाई मशीन पाण्याबाहेर काढलं. बायकांनी मला हळदीकुंकू लावलं, माणसांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी फार तोऱ्यात होते.

पुढची दोन वर्षं नदी शांत राहिली. अंगावरच्या गाळासकट मला पत्र्याच्या शेडमध्ये लोटलं. बन्सीधर ऊसतोडीला गेला. माझ्या सीटवर मंडपवाल्याच्या खुर्च्या आल्या, मग एका कोंबडीने तिथे अंडी घातली. मला कुणी धुतलं नाही की ग्रीस भरलं नाही. चाक ज्या लोखंडी दांड्यावर फिरतं त्याला ॲक्सल म्हणतात. डाव्या बाजूच्या तिसऱ्या ॲक्सलपाशी काळ्या मातीचं पाणी मुरलं, बेरिंगला गंज चढला आणि दांडा त्यात घट्ट चिकटून बसला. मला ते कळत होतं, पण सांगणार कुणाला?

गेल्या सप्टेंबरात नदी पुन्हा चढली. भगवानराव गुरुजी नावाचे निवृत्त शिक्षक नदीकडच्या वस्तीवर राहतात. त्यांच्या किडन्या काम करत नाहीत. दर तिसऱ्या दिवशी परभणीला जाऊन डायलिसिस करून घ्यावं लागतं. मंगळवारी त्यांची पाळी होती आणि सोमवारीच वस्तीचा रस्ता पाण्याखाली गेला. वाटेत अर्धं अंतर खोल पाणी, अर्धं मांडीएवढा चिखल. ट्रॅक्टर पाण्यापाशी थांबला, होडी चिखलात फसली. तेव्हा ऊसतोडीहून गावी परतलेल्या बन्सीधरला माझी आठवण झाली.

त्याने खुर्च्या काढल्या, बॅटरी बदलली आणि मला सुरू केलं. इंजिन पहिल्या झटक्यात बोललं! पण उजवी चाकं फिरली, डावं एकही हललं नाही. एका बाजूची चारही चाकं साखळीने जोडलेली असतात. एक अडलं की चारही अडतात. मी जागच्या जागी गोल फिरले. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बन्सीधरने मला ट्रॉलीत घालून धम्मशीलाच्या गॅरेजला आणलं. धम्मशीला पस्तिशीची. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम ती आपल्या वडिलांकडून, सिद्धोधन मिस्त्रींकडून शिकली. मिस्त्रींचे हात आता थरथरतात, म्हणून पाने ती चालवते. पण गॅरेजात शब्द मिस्त्रींचाच चालायचा.

तिने माझ्या तळातल्या पाट्या उघडल्या, एकेक साखळी सोडवली आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला. चाक काढलं, बेरिंगच्या कड्याचे बोल्ट काढले, दांडा ओढला. तो तसूभरही हलला नाही.

“गॅसनं तापवा की ताई,” बन्सीधर म्हणाला. “लोखंड फुगतंय, सुटंल.”

“अन् बॉडी? पलास्टिक हाय ते, बन्सीभाऊ. वितळलं तर गुरुजीला घेऊन मधी पाण्यातच बसचाल.”

बाजेवर बसलेले मिस्त्री म्हणाले, “कापून टाक. ग्राइंडर लाव. सात चाकावर जाईल.”

धम्मशीला हळू पण स्पष्ट बोलली, “न्हाई बाबा. कापलं तर अर्धा दांडा आतच ऱ्हाईल. चारी चाकाची साखळी त्याच्यावरून जाती. अन् दांडा भाईर येतो त्या भोकातून पाणी येईल.”

“मी चाळीस वर्स ह्येच केलंय.”

“जमिनीवरच्या गाड्याचं केलंय तुमी. ही पाण्यात जायची हाय.”

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. वडिलांचा शब्द तिने मोडला होता, बहुधा पहिल्यांदाच. तिचे कान लाल झाले होते, पण तिने ग्राइंडरला हात लावला नाही.

दोन लोखंडी पट्ट्या आणि एक लांब बोल्ट जोडून तिने ओढायचं साधन तयार केलं. डिझेल आणि ऑइल मिसळून बेरिंगवर ठिबकत ठेवलं. बोल्ट आवळायचा, लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे, थांबायचं. मंगळवार असाच गेला. बुधवारी सकाळी वस्तीवरून गुरुजींचा फोन आला. ते एकेका शब्दाला धापा टाकत होते.

“बन्सीधर, माझ्यामुळे कुणाचा जीव धोक्यात घालू नका. गाडी पक्की झाली तरच या.”

बन्सीधर रडवेला झाला. धम्मशीलाने बोल्ट पूर्ण सैल केला आणि माझ्याकडे बघत बसली. मग एकदम उठली.

“नुसतं भाईरच ओढायलोय आपण. आदी आत ढकलू.”

तिने साधन उलटं लावलं आणि दांडा आतल्या बाजूला दाबला. बोल्टला एक वेढा, दोन, तीन. माझ्या तळातून ‘कड्’ असा आवाज आला. मला वाटलं, तुटले मी! पण तुटला होता तो गंज. दांडा केसभर आत सरकला होता. मग थोडा बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असं करत दुपारी बारा वाजता तो अख्खा तिच्या मांडीवर आला.

मिस्त्री बाजेवरून उठले. उपरण्याने दांडा पुसला आणि थरथरती बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली.

“घाव न्हाई गं एकबी,” ते म्हणाले. मग फळीवरून माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरचं, त्याच मापाचं नवं बेरिंग त्यांनी स्वतः काढून तिच्या हातात दिलं.

तिने ते बसवून सगळं पुन्हा जोडलं आणि तीन वाजता मी पाण्यात उतरले. धम्मशीला माझ्या तळात, त्या तिसऱ्या ॲक्सलच्या भोकाच्या कडेला तळवा लावून बसली होती. भोवती गढूळ पाणी सुसाट होतं, आठही चाकं ते कापत होती. पलीकडच्या चिखलातून चढून मी गुरुजींच्या दारात उभी राहिले. सुजलेल्या पायांनी ते हळूहळू चढले, कागदांची पिशवी छातीशी धरून.

परत येताना मध्यावर बन्सीधरने ओरडून विचारलं, “ताई, पाणी येतंय का?”

तिने तळवा उचलून दाखवला. कोरडा होता.

रस्त्यावर जीप उभी होती. संध्याकाळी परभणीहून फोन आला, गुरुजी मशीनवर आहेत आणि शांत झोपलेत. तो आठवडाभर मी रोज पाण्यात गेले. मी पुष्कळ माणसं वाहिली आहेत, पण त्या बुधवारची फेरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी, असं मी ताठ मानेने सांगते.

मित्रांनो, मला गंज पुराने चढवला नाही. पुरानंतरच्या दोन कोरड्या वर्षांनी चढवला. तुमच्या गावातही एखादं यंत्र असेच दिवस काढत असेल. शाळेतला पंप असेल, दवाखान्याची गाडी असेल. आज त्याचं काही काम नसेल. तरी एकदा त्याच्यापाशी जा, त्याचं चाक हाताने फिरवून बघा. जड लागलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आम्हाला सांगता येत नाही.