सातवं पान तिसऱ्या जागी

मित्रांनो, धुळ्यातल्या एका छापखान्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेली, पायाने चालवायची छपाई मशीन कधी दिसली, तर ती मी. माझ्या पायट्यावर आता गंज चढला आहे. लोक मला जुनी म्हणतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. मला लाज वाटते ती एका आठ पानी पुस्तकाची. ते मी छापलं.

मी ओतीव लोखंडाची. मला मालगाडीतून उतरवायला सहा हमाल लागले होते. मुख्तारभाई माझे कारागीर. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे, त्यांची पानं बांधायची, ती लोखंडी चौकटीत कसून माझ्या छातीवर चढवायची, हे सारं ते एकटेच करत. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, तमाशाची हँडबिलं, मी काय काय छापलं! "हिचा ठसा बघा, आंधळ्यानं बोटानं वाचावा," असं ते गिऱ्हाइकाला म्हणाले की मी आणखी जोरात धडधडायचे.

एका तावावर पुष्कळ पानं छापणं हे माझं कौतुकाचं काम. एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला चार. पण चौकटीत ही पानं क्रमाने बसत नाहीत, बरं का. दुसऱ्याच्या शेजारी सातवं येतं आणि तिसरं दुसऱ्याच्या वर, डोक्यावर उभं. तावाला दोन घड्या पडल्या की मग सगळी शहाण्यासारखी रांगेत येतात. म्हणून मुख्तारभाई आधी एकच कच्चा ताव काढत, घडी घालत, पानं उलटून पाहत आणि मगच पायट्यावर पाय ठेवत.

ते साल १९८४. श्रावण लागला होता. सोनगीरच्या मंजुळाबाई सुनेला, मंदाबाईला, घेऊन आल्या. श्रावणात पाटावर बसवून दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवतात, त्या कानबाई देवीची गाणी म्हणावीत तर मंजुळाबाईंनीच, असा त्यांचा पाच गावांत लौकिक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी अहिराणीत सांगितलेली गाणी मंदाबाईने वहीत उतरवली होती.

"मन्हा तोंडमा शेतस तवलोंग ठीक शे. मंग कोन म्हनी?" आपल्यामागे ही गाणी कोण म्हणणार, या काळजीने त्या म्हणाल्या. मग तळहात दाखवून, "पुस्तक इतलंच कर भाऊ. मन्ही चंचीमा मावाले जोयजे."

पानाच्या चंचीत मावणारं पुस्तक! मुख्तारभाई हसले. त्यांनी सगळी गाणी एका तावात कोंबली. जागा पुरेना म्हणून पानांचे आकडेही गाळले.

छपाई शनिवारवर आली. दुसऱ्या दिवशी घरोघर कानबाई बसायची होती. मुख्तारभाईंनी प्रत्येक पान वेगळं तपासलं, एकही काना-मात्रा चुकली नव्हती. पण कामं खोळंबली होती. त्या दिवशी त्यांनी कच्चा ताव काढला नाही, घडी घातली नाही.

मंजुळाबाई बाकावर बसून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, एकडाव माले वाची दखाड ना."

माझ्या धडधडाटात त्यांचा आवाज बुडाला. मुख्तारभाईंनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

मित्रांनो, मी एरवी कितीदा रुसत असे. कागद चुरगळायचा, रूळ अडवायचा. त्या दिवशी मात्र शाबासकीच्या लोभाने दोनशे ताव अडखळल्यावाचून काढून दिले. मंजुळाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी त्या परत आल्या. चंचीतून पुस्तक काढून त्यांनी ते माझ्या फळीवर ठेवलं.

"काय झालं, माय?" मुख्तारभाईंनी विचारलं.

सांगितलं ते मंदाबाईने. कानबाई पाटावर बसवली, पोरींनी पुस्तकं उघडली आणि "ये माय, बस पाटवर" असं म्हणायला लागल्या. ते पान संपलं, तर समोरच आलं, "जाय माय, नदी तुन्ही वाट दखी ऱ्हायनी." ते निरोपाचं गाणं होतं! देवी नीट टेकलीही नव्हती आणि पोरी तिला वाटेला लावत होत्या.

"मी हात वर करा," पोरींना थांबवायला उचललेला हात दाखवत मंजुळाबाई म्हणाल्या. "त पोरी म्हनतस, आजी, छापेल शे ना! तूच भुलनी व्हशी. मंग मी चूप बसनी. माले वाटनं, मीच भुलनी का काय."

मुख्तारभाईंनी पानं उलटून पाहिली. तिसऱ्या पानाच्या जागी सातवं होतं, सातव्याच्या जागी तिसरं.

"माय, तू नाही भुललीस. मी घडी घालून पाहिलं नाही."

त्यांनी तेव्हाच चौकट सोडली, पानं फिरवली, एकच ताव काढला आणि मला थांबवलं. "आता मी वाचतो. चुकलं तिथं मला मार."

ते वाचू लागले. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मंजुळाबाईंना हसू फुटलं. "भाऊ, तुन्ही आयरानी त बठ्ठी फाटेल शे!" मग त्याच म्हणत गेल्या आणि मुख्तारभाई बोटाने ओळी तपासत गेले. त्या खोलीत इतका गोड आवाज मावतो, हे मला माहीतच नव्हतं. आजवर मी कधी गप्प बसले होते?

नवी दोनशे पुस्तकं निघाली. पण जुन्यातली कितीतरी माहेरवाशिणींबरोबर आधीच सासरी गेली होती.

पुढे कॉम्प्युटर आला आणि मी कोपऱ्यात गेले. मंजुळाबाईही राहिल्या नाहीत. १९९७ साली साक्रीकडची एक बाई एक फाटकं पुस्तक घेऊन आली. तिला तसंच नवं छापून हवं होतं. मुख्तारभाईंनी पहिलं पान उलटलं आणि त्यांचा हात थांबला.

"बाई, हे चुकलेलं आहे. माझ्याच हातचं आहे." त्यांनी फडताळातून दुरुस्त केलेलं पुस्तक काढून दिलं.

तिने ते वाचलं आणि मान हलवली. "हाई चुकेल शे, भाऊ. आमना गावमा पहिलापासून आसंच म्हनतस. ये म्हनतस, नी लगेच जाय म्हनतस."

ती फाटकं पुस्तक घेऊन दुसऱ्या छापखान्यात गेली. मुख्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. गोणपाट आणखी जाड असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझ्याहून चपळ यंत्रं आहेत. एका कागदावर हवी तेवढी पानं छापा, पण आधी एकच कागद काढा, घडी घाला, वाचून पाहा. आणि ज्याच्या तोंडचे शब्द छापता, तो मागे बाकावर बसलेला असेल, तर मशीन थांबवून त्याला वाचून दाखवा. मंजुळाबाईंनी एकदाच विचारलं होतं.