बिनदुधाच्या चहाचं निदान

माणसाची संस्कृती संकटात कळते असं म्हणतात, ते खोटं आहे. घरात दुसरं कोणी नसताना तो काय पितो आणि कसं पितो, यावरून ती कळते. हे वाक्य मला एका रविवारी दुपारी रिकामा कप हातात असताना सुचलं, आणि इतकं आवडलं, की बायको बाहेरून आल्या आल्या, तिनं चपला काढायच्या आत, मी ते तिला ऐकवलं.

ती म्हणाली, "आधी गॅस बंद करा. भांडं जळतंय."

भांडं जळलं, हे मान्य. पण जळण्याआधी त्या भांड्यातल्या पाण्यानं जे करून दाखवलं होतं, त्यासमोर भांड्याची काय मातब्बरी!

झालं असं, की दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं चहाचा एक डबा पाठवला होता. डबा मुठीएवढा, निळा. आत काळी, बारीक पिळाची पत्ती, संत्र्याच्या नात्यातल्या कुठल्याशा फळाची साल आणि मधूनमधून निळ्या पाकळ्या. झाकणावर सूचना होत्या. दूध नको, साखर नको, पत्ती उकळायची नाही, वरून पाणी ओतून झाकून ठेवायची. आमच्या घरात चहाला इतक्या अदबीनं कोणी वागवलेलं नाही. आमच्याकडे चहा कपडे धुवायच्या पाण्यासारखा खळखळतो.

मी सूचना पाळल्या. रंग आला नव्या तांब्याच्या तारेसारखा. आणि वास... तो शोधायला गेलं की सापडत नव्हता. कप नाकाशी धरला तर नुसती वाफ. कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागलो, तेव्हा हळूच आला. शेजारच्या खोलीत कोणीतरी संत्रं सोलतंय आणि एक फोड आपल्यासाठी ठेवणार आहे, असा. त्याच्यामागून फुलांचा, म्हणजे फुलांचाही नव्हे, काल जिथे फुलं होती त्या खोलीचा. चव जिभेवर मुक्काम करत नव्हती. एखाद्या पाहुण्यानं दारातूनच "बरं आहे ना?" विचारून निघून जावं, आणि तो गेल्यावर वाटावं, अरे, याला बसवून घ्यायला हवं होतं!

अशा पाहुण्यांचा आमच्या घराला अनुभव नाही. आमच्याकडे येतात ते बसतात.

मला एवढंच हवं होतं: तसा आणखी एक कप. राज्य नको, पदक नको. एक कप, आणि तो पिताना कोणी काही विचारू नये.

पण आमच्या घराण्यात बिनदुधाचा चहा फक्त आजारी माणूस पितो. वडलांचं दूध शेवटच्या दुखण्यात तोडलं होतं, काकांचं ऑपरेशनच्या आधी. नुसतं दूध तोडलं तर पोटाचं काहीतरी आहे, नुसती साखर तोडली तर रक्ताचं. दोन्ही एकदम तोडलं, तर जवळच्यांनी भेटून घ्यावं. त्यामुळे कपात काळा रंग दिसला की आमची माणसं चव विचारत नाहीत. रिपोर्ट विचारतात.

दुसरा कप केला आणि दारात ताई उभी. ताई माझी थोरली बहीण. तिच्या कपाळाला बाम नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. ती यायच्या आधी तिचा बाम येतो.

"काय पितोयस रे?"

"चहा."

"दूध कुठेय?"

"नाही घातलं."

"साखर?"

"तीही नाही."

ताईनं खुर्ची ओढली आणि बसली. "कधीपासून?"

"गेल्या रविवारपासून."

"आणि आम्हाला आज कळतंय!"

"अगं ताई, हा सुगंधी चहा आहे. असाच प्यायचा असतो. वास घेऊन तर बघ!"

तिनं कपावर कपाळ टेकेल इतकं वाकून वास घेतला. "मला तर कसलाच वास येत नाहीये," ती म्हणाली. ती बाजूला झाल्यावर मलाही बामाशिवाय कसलाच येईना.

"वडीलही असंच म्हणायचे," ताई पदराशी चाळा करत म्हणाली. "मला आवडतो म्हणून पितो, म्हणायचे."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "तरी मी सांगत होते, चमचाभर दूध घाला. कोण्णी काही विचारणार नाही."

म्हटलं, घरात नाही तर कचेरीत. आमच्या कचेरीत बसची वेळापत्रकं तयार होतात. बस त्यांना जुमानत नाहीत, त्यामुळे काम कसं अगदी शांततेत चालतं. मी पुडीत थोडी पत्ती नेली, मधल्या सुट्टीत गरम पाणी मिळवलं आणि कपावर झाकण म्हणून उत्तर विभागाचं वेळापत्रक ठेवलं. इतक्या वर्षांत त्याचा हा पहिला उपयोग.

शेजारच्या टेबलावर शहराबाहेरच्या फेऱ्या बघणारे गृहस्थ बसतात. त्यांना आम्ही 'उपनगर' म्हणतो. उपनगरांनी कपात डोकावलं आणि आवाज खाली आणला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"कोण डॉक्टर?"

"बरं, नका सांगू. पण मन खंबीर ठेवा. आमच्या साडूंचंही असंच काळ्या चहापासून सुरू झालं."

"काय सुरू झालं?"

"आता तुमच्यासमोर कशाला बोलू?"

संध्याकाळपर्यंत साहेबांचं बोलावणं आलं. साहेब कधी कोणाला बसा म्हणत नाहीत. मला म्हणाले.

"नव्या मार्गाचं काम तूर्त उपनगरांकडे देऊ," साहेब म्हणाले. "आधी तब्येत."

"साहेब, मला काहीही झालेलं नाही."

साहेबांचे डोळे पाणावले. "शाब्बास! हीच जिद्द हवी."

तोवर ताईनं सगळ्या गोतावळ्यात फोन फिरवले होते. माणसं येऊ लागली. येताना सफरचंदं आणत, माझ्याकडे बघून "चेहरा उतरलाय" म्हणत आणि सफरचंदं कापली की स्वतःच खात. एका शनिवारी मी कचेरीतून घरी आलो तर बैठकीत माणसंच माणसं आणि स्वयंपाकघरात खळखळ आवाज. मी धावलो. मोठ्या पातेल्यात दूध, साखर, ठेचलेलं आलं, आणि त्या सगळ्याच्या वर, बुडता बुडता हात करावा तशी, एक निळी पाकळी.

"अगं, हे काय केलंस!"

"आपली पत्ती संपली. एवढी माणसं आली, त्यांना काय नुसतं पाणी देऊ?"

"पण हा माझा चहा होता!"

"मग ते तरी कोणासाठी आलेत?" बायको गाळणं आपटत म्हणाली. "तुमचेच पाहुणे, तुमचाच चहा."

मी निळा डबा छातीशी धरून बैठकीत गेलो. मेहुण्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, "भावोजी, कपाला साबण राहिलाय वाटतं."

डब्याच्या तळाशी एक चमचा पत्ती उरली होती. एकाच कपाची.

ताईच्या नजरेतून डबा सुटला नाही. "असं कर," ती म्हणाली, "एकदाच्या सगळ्या तपासण्या करून घे. काही निघालं नाही, तर काळा पी, निळा पी, आम्ही अवाक्षर काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द. आणि कोणाला फिरकूही देणार नाही."

एका कपासाठी माणूस किती खाली वाकू शकतो, याची मला कल्पना नव्हती. मी गेलो. दवाखान्यात बाहेरची खोली भरली होती आणि गार हवेचं यंत्र थेट माझ्या टाळूवर सोडलं होतं. डाव्या बाजूला एक गृहस्थ शिंकत होते, उजव्या बाजूला त्यांचं कुटुंब. मधली खुर्ची रिकामी का होती, हे मला बसल्यावर कळलं. ताई समोर बसून कपाळाला बाम चोळत होती. जे जे काढून घेता येईल ते सगळं माझ्याकडून घेऊन झाल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा बोलावलं.

"सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला त्रास काय होतोय?"

"मला काहीच नाही."

"तो बिनदुधाचा चहा पितो," ताई म्हणाली.

"त्यात काय? मीही पितो."

ताईनं डॉक्टरांकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू मवाळ झाला. "कधीपासून?" तिनं विचारलं.

शब्दाला मात्र ती जागली. रविवारी दुपारी कोणी आलं नाही, फोन वाजला नाही. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी भांडं घासून घेतलं, खिडकी उघडली, पाणी ठेवलं. सकाळपासून घसा जरा खवखवत होता. म्हटलं, चहानं बरं वाटेल. पाणी पत्तीवर ओतलं आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. मग त्या दोघींचं सगळं कुटुंब.

ओतलेलं पाणी काही पत्तीतून परत काढता येत नाही. मी कप भरला. रंग तोच, नव्या तांब्याचा. नाकाशी धरला. खिडकीबाहेर बघितलं. मुद्दाम दुसऱ्याच गोष्टींचा विचार केला. शेजारच्या खोलीत कोणी काही सोलत नव्हतं. एक घोट घेतला. गरम होता, एवढं कळलं.

बायको रिकामी बादली घेऊन आत आली. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं आता?"

"नाक बंद आहे."

"बघू." तिनं कप माझ्या हातातून घेतला, उभ्या उभ्या एक घोट घेतला. बादली खाली ठेवली. खुर्चीवर बसली. आमच्या संसारात ती अशी दुपारची, काही हातात न घेता बसलेली मला आठवत नाही. खिडकीबाहेर बघत तिनं आणखी एक घोट घेतला.

"अगंबाई," ती म्हणाली. "शेजारी कोणीतरी संत्रं सोलत असावं, तसं वाटतं नाही?"

हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. तिलाही नाही.

"दूध घालू थोडं?" मी विचारलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "आणि हे इतके दिवस एकटेच पीत होतात?"

तिनं कप संपवला, सावकाश, तळाशी राहिलेल्या पाकळीसकट. मग डबा धुतला, उन्हात वाळवला आणि त्यात सुया-दोरे भरून ठेवले.

माझं नाक गुरुवारी मोकळं झालं.