गार्गीच्या गालावर

गार्गीने समुद्री प्राण्यांचा जाडजूड कोश दोन्ही हातांनी उचलला आणि हनियाच्या तोंडावर हाणला. हनिया गालिच्यावर पडली, तरी गार्गी थांबली नाही. तिच्या छातीवर गुडघा रोवून तिने पुस्तक पुन्हा उगारलं, तेवढ्यात मृणालिनीने मागून तिची कंबर धरून तिला उचललं. गार्गीने डोकं जोरात मागे आपटलं. मृणालिनीचा ओठ फुटला. गोष्टीच्या तासाला बसलेली तिसरीची मुलं भिंतीला चिकटून उभी होती. कोणी रडतही नव्हतं.

हनियाच्या नाकातून रक्त वाहत होतं. तिने काय केलं होतं, तर मागून येऊन गार्गीच्या खांद्यावर हात ठेवला होता. पुस्तक मलाही दाखव, म्हणून. एवढंच.

मृणालिनी आखाती देशातल्या अबू हमूर भागातल्या या शाळेत प्राथमिक विभागाचं वाचनालय सांभाळायची. गार्गी तिची रोजची वाचक. मधल्या सुट्टीत ती डबा न उघडताच यायची आणि कपाट नि खिडकीच्या मधल्या सांदीत, पाठ भिंतीला टेकवून बसायची. मृणालिनी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. शार्क झोपतो का, व्हेलला पिल्लाचा आवाज ओळखू येतो का, असे तिचे प्रश्न असत. या मुलीच्या हातात एवढी ताकद आहे हे मृणालिनीला आज कळलं.

हनियाला नर्सकडे नेलं. मुलं वर्गात गेली. पर्यवेक्षिका बबीता मॅडमनी गार्गीच्या घरी फोन केला, आणि थोड्या वेळाने तिची आई जयमाला फरीज बिन ओमरान वस्तीतून टॅक्सीने वाचनालयात आली. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं, तरी तिने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता. बबीता मॅडम इंग्रजीत बोलत राहिल्या. काही दिवस मुलीला घरी ठेवा, हनियाच्या आईवडिलांची माफी मागा. जयमाला प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. मग हनियाचे वडील आल्याचा निरोप आला आणि बबीता मॅडम घाईने गेल्या.

दार लागलं तशी जयमालाने पर्स टेबलावर ठेवली आणि गार्गीच्या थोबाडीत मारली. गार्गीची मान एका बाजूला गेली. तिने ती पुन्हा सरळ केली. जयमालाने वाकून तिचा गाल पाहिला आणि नेमक्या त्याच जागी दुसरी ठेवून दिली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मृणालिनीने तिचं मनगट पकडलं.

"सोडा," जयमाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "अजून नीट उठला नाहीये."

"काय उठला नाही?"

"वळ. हिचे बाबा बघतात. मी मारलेलं दिसलं, की मग हे तिला हात लावत नाहीत. मागच्या वेळी दिसला नव्हता."

मृणालिनीने मनगट सोडलं नाही. गार्गीने दोघींकडे पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं इंग्रजीत सांगितलं, की असू दे मिस, आई मारते ते फारसं दुखत नाही.

तेवढ्यात दार उघडलं. शाळेने वडिलांनाही निरोप पाठवला होता. कुणाल आत आला तो अगदी नीटनेटका, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आवाज मऊ. मृणालिनीच्या ओठाकडे पाहून तो कळवळला. डॉक्टरांना दाखवलंत का, म्हणाला. आम्ही नाशिकचे, तुम्ही कुठल्या, असंही त्याने विचारलं. मग अंगठ्याने गार्गीची हनुवटी उचलून तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. गाल लालसर झाला होता, उशीवर झोपून उठल्यावर होतो तेवढाच.

"एवढंच?" त्याने जयमालाला विचारलं.

त्याचा दुसरा हात गार्गीच्या मानेमागे गेला. बोटं रुतली. गार्गीच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या आणि तिचं तोंड आवाज न करता उघडलं. जयमाला जागची हलली नाही.

"मी मारलंय तिला," मृणालिनी म्हणाली. "माझा ओठ फोडला तिने. चांगली बडवलीय मी. आता पुरे."

कुणालने हात काढला. मृणालिनीकडे पाहून तो चक्क हसला.

"बरं केलंत. घरी ऐकतच नाही ती."

तिघं गेल्यावर मृणालिनी तडक बबीता मॅडमकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. वळाचं, मानेचं, स्वतः बोललेल्या खोट्याचंही. बबीता मॅडमनी दार लावून घेतलं. शिक्षिकेने मुलीला मारलं असं कुठे नोंदलं गेलं, तर नोकरी जाईल आणि त्यामागून व्हिसाही, तेव्हा तेवढं वाक्य गाळ, असं त्या कळकळीने म्हणाल्या. मृणालिनीने ते गाळलं नाही. वाक्य गाळलं असतं, तर कुणालची बोटं गार्गीच्या मानेवरून कशी निघाली हे सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका सलमा मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. कुणाल तयारीने आला होता. त्याने शांतपणे इंग्रजीत सांगितलं, की वाचनालयाच्या बाईंनी माझ्या मुलीला मारलं, तसं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि आता ते झाकायला माझ्यावर घाण उडवताहेत. त्याने फोन पुढे केला. पडद्यावर गार्गीचा गाल होता, सुजून काळानिळा पडलेला. त्या दुपारी शाळेतून निघताना तो तसा नव्हता.

सलमा मॅडमनी विचारलं, तुम्ही असं म्हणालात का? मृणालिनी हो म्हणाली. तुम्ही मारलंत का? नाही म्हणाली. दोन्ही उत्तरं खरी होती, आणि ती एकामागून एक ऐकताना तिला स्वतःलाच आपण खोटं बोलतोय असं वाटलं.

मग सलमा मॅडम जयमालाकडे वळल्या. कुणालने तिच्या वतीने बोलायला सुरुवात केली, तशी त्यांनी त्याला थांबवलं आणि तोच प्रश्न जयमालाला हिंदीत विचारला.

"थप्पड़ मैंने मारी," जयमाला म्हणाली.

कुणालने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुरे," तो मराठीत हळूच म्हणाला. "नंतर घरीच जायचंय आपल्याला."

त्या खोलीत हे त्या दोघांखेरीज फक्त मृणालिनीला कळलं.

जयमालाने त्या हाताकडे पाहिलं. मग उठली. आपली खुर्ची ओढत टेबलाच्या पलीकडे नेली आणि मृणालिनीला लागून बसली.

"बाकीचं मला हिंदीत सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "मी मराठीत बोलते. तुम्ही त्यांना सांगा. मधलं काही गाळू नका."

कुणाल उभा राहिला. सलमा मॅडमनी त्याला बसायची खूण केली आणि दाराबाहेरच्या रखवालदाराला आत बोलावलं.

"इथे आलो त्याच महिन्यात," जयमालाने सुरुवात केली, "यांनी माझं बोट दाराच्या फटीत धरलं आणि दार ओढलं."

मृणालिनीने सलमा मॅडमकडे पाहून ते इंग्रजीत सांगितलं. जयमालाचं बोट म्हणायच्या ऐवजी तिच्या तोंडून ‘माझं बोट’ असं गेलं. तिने ते दुरुस्त केलं नाही, आणि पुढचं ऐकायला ती जयमालाकडे वळली.